लेकरं, मंगळवारचा बाजार आणि गाड्यांचं मैदान

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. त्यांना दोन लेकरं, मुलगा साडेचार वर्षांचा आणि मुलगी दीड वर्षाची. आठ-नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या गावी मंगळवारचा बाजार भरतो. दोघं नवरा-बायको लेकरांना घेऊन मोटरसायकलनं जातात. लग्नसराईची किंवा सणाची मोठी खरेदी असली तर दिराची चारचाकी मिळते. एप्रिलमधल्या एका बाजारात मुलानं प्लास्टिकच्या जीपसाठी भर वाटेत लोळण घेतली आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्याला फटका मारला. परतताना, गाड्या लावतात त्या मैदानात, त्या थैल्या अडकवत होत्या. मुलगी कडेवर होती, नवरा पानठेल्यावर गेला होता. मुलानं हात सोडवला आणि फुगेवाल्याकडे धावला. तेवढ्यात टरबुजांचा एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागे येत होता. कुणा अनोळखी माणसानं मुलाला धरून बाजूला ओढलं.

त्या लिहितात, "त्या दिवसापासून बाजाराचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, लेकरं घेऊन कायले जाता बजारात? नवरा म्हणतो, पुढच्या वेळी चारचाकी नेऊ, लेकरं गाडीतच बसतील, काच थोडी खाली ठेवू, दहा मिनिटांचं तर काम आहे. बाकीच्या बायांची लेकरं नीट हात धरून चालतात, माझंच का पळतं? लेकरं मोठी होईपर्यंत बाजार बंद करू का?"

उत्तर :

ताई, तुमचं लेकरू सुखरूप आहे आणि ज्यानं त्याला ओढलं त्याचं भलं होवो.

पत्र वाचताना मी एका गोष्टीपाशी थांबले. तुम्ही मुलावर हात उचललात तो खेळण्यांच्या पालापुढे. त्याचा हात सुटला तो गाडीपाशी. पालापुढे लोळणाऱ्या मुलाला काहीही होणार नव्हतं. कपडे मळले असते, चार बायांनी वळून पाहिलं असतं. गाडीपाशी जीव गेला असता. आपण बहुतेक आई-बाप हे उलटं करतो. जिथं सैल राहिलं तरी चालतं तिथं आपला पारा चढतो, आणि जिथं पक्कं राहायचं तिथं आपण थैल्यांच्या गाठी बांधत असतो. मला वाटतं, एवढी अदलाबदल केलीत तर बाजार बंद करायची वेळ येणार नाही. गाडीवरून उतरल्यापासून पहिल्या पालापर्यंत, आणि शेवटच्या पालापासून गाडी निघेपर्यंत, या दोन तुकड्यांत मुलाच्या वागण्यावर काहीही सोपवायचं नाही. मधल्या बाजारात त्याला थोडं मूल होऊ द्यायचं.

"माझंच का पळतं" याचं उत्तर असं की साडेचार वर्षांचं लेकरू फुगा पाहतं तेव्हा त्याला फक्त फुगा दिसतो. वाहन किती लांब आहे, किती जोरात येतंय, याचा अंदाज मुलांना नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत नीट येत नाही. घरी विचारलं तर ते पोपटासारखं सांगेल, "गाडी आली की बाजूला व्हायचं." मैदानात फुगा दिसला की ते सगळं वाऱ्यावर जातं. यात त्याचा उर्मटपणा नाही आणि तुमच्या वळणात खोट नाही. ज्या बायांची लेकरं तुम्हाला नीट चालताना दिसली, त्यांना त्यांच्या वाईट मंगळवारी तुम्ही पाहिलेलं नाही.

आता ट्रॅक्टरवाल्याच्या जागी बसून बघा. तो मान वळवून मागे पाहतो तेव्हा त्याला ट्रॉलीच्या फळ्या आणि टरबुजांचा ढीग दिसतो. त्यामागे जेमतेम मीटरभर उंचीचं लेकरू त्याला दिसणं शक्यच नाही. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. खाली उभा असलेला पोरगा "आने दे, आने दे" करत असतो, पण तो ट्रॉलीच्या एकाच अंगाला उभा असतो, दुसरं अंग त्यालाही दिसत नाही. शिवाय मागे घेताना ट्रॅक्टरचं तोंड एकीकडे वळतं आणि ट्रॉलीचं बूड दुसरीकडे फिरतं. मोठी माणसंही यात फसतात.

हे मुलाला तोंडी सांगून समजणार नाही, दाखवता येईल. गावात कुणाच्या तरी अंगणात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असतेच. इंजिन बंद, चावी मालकाच्या खिशात, अशी खात्री करून घ्या. मुलाला वडिलांनी सीटवर धरून बसवावं आणि तुम्ही ट्रॉलीमागे जाऊन खाली बसा. "आई कुठं आहे, सांग." तो मान उंचावून बघेल, तुम्ही दिसणार नाही. मग त्याला खाली उतरवून, तुम्ही कुठं बसला होतात ते दाखवा. तो लगेच शहाणा होईल असं मी म्हणत नाही, हात धरावाच लागेल. पण ट्रॅक्टरवाल्या काकांना आपण दिसत नाही, ही गोष्ट त्याच्या डोळ्यांनी त्याला कळेल. त्या दिवशीची भीती त्याच्याही मनात असणार. ती बोलायला यानिमित्तानं वाट मिळेल.

याच ट्रॉल्यांची आणखी एक सवय मोडायला हवी, आणि ती सगळ्यांनीच. उन्हाच्या दिवसांत बाया-लेकरं उभ्या ट्रॉलीच्या सावलीत भाकरी सोडतात, मुलाला शू लागली की ट्रॉलीच्याच आडोशाला बसवतात. ट्रॅक्टर कधी सुरू होईल ते बसणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि खाली कोण बसलंय ते चालवणाऱ्याला ठाऊक नसतं. सावली झाडाची बघा, शाळेच्या भिंतीची बघा. मुलाला शू घरून निघताना करवून आणा आणि बाजारात शिरल्यावर पुन्हा एकदा, मैदानापासून लांब.

सासूबाईंच्या बोलण्याकडे मी थोडं वेगळं बघते. त्यांच्या वेळी बाजाराला बैलबंडी जायची, माणसाच्या चालीनं. लेकरू बंडीत चार मोठ्या माणसांच्या मध्ये बसलेलं. आज त्याच मैदानात ट्रॅक्टर, काळीपिवळी, ऑटो, दीडशे फटफट्या आणि चारचाक्या एकमेकांत घुसलेल्या असतात. मैदान तेवढंच राहिलं, आत शिरणारी वाहनं बदलली. म्हणजे त्यांची काळजी खोटी नाही. फक्त त्यांना सुचलेला उपाय, लेकरं घरी आणि सून घरी, हा तुमच्या अंगावर पडतो. तुम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरता आहात, हे त्यांना बोलून दाखवा. त्या मदतीला येण्याची शक्यता वाढेल.

गाडी कुठं लावायची यावर पुष्कळ ठरतं. आपण जवळची जागा शोधतो, कारण थैल्या उचलायच्या असतात. जवळची जागा म्हणजेच सगळ्यात जास्त वाहनं फिरतात ती जागा. मैदानाच्या कडेला, एखाद्या भिंतीला किंवा कुंपणाला लागून लावा, म्हणजे एका अंगानं तरी काही येणार नाही. थोडं चालावं लागेल, ते परवडलं. चारचाकी असेल तर येतानाच मागे घेऊन, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा. सकाळी मैदान रिकामं असतं तेव्हा गाडी मागे घेणं सोपं. संध्याकाळी गर्दीत, मागे कुणाची लेकरं खेळत असताना, ते करावं लागू नये. आणि निघण्याआधी चालकानं गाडीभोवती पायी एक फेरी मारायचीच. आपलं लेकरू आत असलं तरी दुसऱ्याचं मागे असू शकतं.

मोटरसायकल डबल स्टँडवर लावायची. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की साइड स्टँड रुतत जातो आणि गाडी हळूच डावीकडे कलंडते. "तू गाडीवर बसून राहा, मी आलोच" असं म्हणून लेकराला सीटवर ठेवून जाणारे बाप मी दर बाजाराला बघते. अंगावर येणाऱ्या शंभर-सव्वाशे किलोच्या गाडीला चार वर्षांचं मूल काय अडवणार? बसवूच नका. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजव्या अंगाला असतो, नेमका मुलाच्या पोटरीच्या उंचीवर, म्हणून मुलाला डावीकडून चढवा-उतरवा. चटका बसलाच तर जवळच्या हापशीवर नेऊन 20 मिनिटं साधं पाणी सोडत राहा. टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नका, फोड फोडू नका. भाजलेलं मोठं असेल तर सरळ दवाखाना.

आता थैल्यांची वेळ, म्हणजे तुमची खरी अडचण. कडेवर मुलगी, हातात तीन थैल्या, मुलाला धरायला हात उरतच नाही. या वेळी कामं वाटून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. एकानं फक्त लेकरं धरायची, दुसऱ्यानं फक्त थैल्या बांधायच्या. दोघांनी दोन्ही करायला गेलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. पानठेला, सुटे पैसे, ओळखीचा माणूस, जे काय असेल ते मैदानात शिरण्याआधी उरकून घ्या. "लेकरं तुझ्याकडे," "हो, माझ्याकडे," असं तोंडानं बोला. बोलण्यात वेळ जात नाही.

एकटीच असाल तर थैल्या आधी बांधायच्या नाहीत. चारचाकी असेल तर दारं उघडून आतली गरम हवा जाऊ द्या, मग लेकरं आत बसवा, मग सामान ठेवा, आणि तेवढा वेळ एक दार उघडंच असू द्या. मोटरसायकलनं दोन लेकरं आणि आठवड्याचा बाजार एकटीनं आणायचा बेतच करू नका. मुलीला ओढणीनं अंगाशी घट्ट बांधलं तर एक हात मोकळा होतो. त्या हातानं मुलाचं मनगट धरा. बोटं धरली तर पोरं घामानं निसटतात, मनगट सहज सुटत नाही. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एका हाताला धरून झटक्यानं वर उचलू नका, या वयात कोपराचा सांधा सरकतो.

तुमच्या यजमानांच्या सूचनेबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. लेकरांना बंद गाडीत ठेवायचं नाही. दहा मिनिटं नाही, पाच मिनिटं नाही, झोपली असतील तरी नाही. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण 10 अंशांनी चढतं आणि अर्ध्या तासात 20 अंशांच्या जवळपास जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच 42 ते 45 असतं. त्यात दहा मिळवून बघा. काच दोन बोटं खाली ठेवल्यानं जवळजवळ काहीच फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं, आणि झोपलेलं लेकरू रडतही नाही. बाजारातली दहा मिनिटं कधीच दहा राहत नाहीत हे तुम्हीही जाणता, एक पाहुणा भेटला की संपलं. एसी सुरू ठेवून जाऊ, असंही कुणी म्हणेल. सुरू गाडीत एकटं लेकरू म्हणजे गिअरशी, काचेशी, लॉकशी खेळणारं लेकरू. कधी कुणाचं मूल बंद गाडीत अडकलेलं दिसलं आणि मालक सापडत नसेल, तर मुलापासून लांबची काच फोडा आणि 112 ला फोन करा. घरी उभी असलेली दिराची गाडीही कुलूपबंद आणि चावी उंचावर असू द्या. अंगणात लपाछपी खेळताना मुलं गाडीत शिरतात.

आणि एकाच मोटरसायकलवर चौघं. हे खेड्यापाड्यांत सगळेच करतात, म्हणून मी तुम्हाला वेगळं काढून बोल लावत नाही. पण कायद्यानं दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसू शकतो, आणि चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला चालकाशी बांधणारा पट्टा, डोक्यावर हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरच्या आतला वेग, असा केंद्राचा नियम 2022 साली निघाला आणि फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. पेट्रोलच्या टाकीवर बसलेलं लेकरू ब्रेक लागला की हँडलवर आपटतं, आणि मागे बसलेल्या तुम्हाला काहीच करता येत नाही. तुमच्या गावाला एसटी असेल तर ती वापरा. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. बस वेळेवर नसते, मान्य. मग काळीपिवळीनं तुम्ही आणि लेकरं, मोटरसायकलनं ते आणि थैल्या. थोडा खर्च वाढतो. तो परवडावा म्हणून दर आठवड्याला सगळ्यांनी जायचं हा हट्ट सोडता येईल का, ते बघू.

कारण तुमचा प्रश्न "नेऊ की बंद करू" असा आहे, आणि या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही आहे. दोन्ही लेकरं एकदम न्यायलाच पाहिजेत असं कुठं आहे? एका मंगळवारी मुलगा, दुसऱ्या मंगळवारी मुलगी. सासूबाईंना पळत्या नातवामागे धावणं जमणार नाही, पण जेवून झोपलेल्या दीड वर्षाच्या नातीपाशी पाळणा हलवत बसणं बहुतेक जमेल. मदत मागताना काम नेमकं सांगावं. "लेकरं सांभाळा" म्हटलं की कुणीही दचकतं. "दोन तास ती झोपेल, उठली तर वाटीत वरणभात आहे" म्हटलं की माणूस हो म्हणतं. जाऊ असेल, शेजारीण असेल, तर शेतात सावड करतो तशी लेकरांची सावड करा: या बाजारी तुझी माझ्याकडे, पुढच्या बाजारी माझी तुझ्याकडे. गावात तुमच्यासारख्या अडलेल्या बाया नक्की आहेत, विचारत कुणी नाही इतकंच.

वेळेचाही विचार करा. उन्हाळ्यात बाजाराला रंग चढतो तो चारनंतर, मजुरांच्या हाती चुकारा आल्यावर. उठत्या बाजारात वांगी-भेंडी पडत्या भावात मिळते, म्हणून आपण तोवर थांबतो. पण दिवेलागणीला सगळी वाहनं एकदम हलतात, उजेड कमी झालेला असतो, लेकरं पेंगुळलेली असतात आणि आपण दमलेलो असतो. लेकरांसोबत जायचं तर सकाळी, पालं लागत असतानाच जा. भाजीला चार पैसे जास्त पडतील. ते नको असेल तर बाजाराचे दोन भाग करा: लेकरासोबतची सकाळची छोटी फेरी, आणि स्वस्त भाजीसाठी संध्याकाळी यजमान एकटे. किंवा तुम्ही एकट्या आणि लेकरं त्यांच्याकडे. हा दुसरा पर्याय मी मुद्दाम लिहिते आहे.

लोळण्याबद्दल. भुकेलं, उन्हानं तापलेलं, दीड तास माणसांच्या गुडघ्यांतून चालवलेलं लेकरू लोळणारच. त्याच्या उंचीवरून बाजार कसा दिसतो ते एकदा खाली बसून बघा: लुगडी, धोतरं, थैल्या, धूळ. निघण्याआधी पोटभर खाऊ घाला, डोक्याला ओला दुपट्टा, पाण्याची बाटली, थैलीत मुरमुरे-फुटाणे. तासाभरात आटपेल एवढंच सामान त्याच्यासोबत आणायचं. घरून निघतानाच त्याच्या हातात दहाची नोट द्या: हे तुझे, यात काय घ्यायचं ते तू ठरव. मग त्यानं फुगा घेतला आणि तो पालापाशीच फुटला तरी दुसरे दहा द्यायचे नाहीत, आणि "त्यापेक्षा केळं घ्यायचं होतंस" असंही म्हणायचं नाही. त्याला काम द्या. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी त्यानं धरायची, लिंबं त्यानं मोजून थैलीत टाकायची. कामात असलेलं मूल हात कमी सोडवतं.

तरीही लोळलं, तर त्याला उचलून सावलीत न्या आणि शेजारी बसा. बोलू नका, समजावू नका, रडू द्या. लोकांच्या नजरा बोचतात हे मला कळतं. बहुतेक फटके मुलापेक्षा त्या नजरांसाठीच मारले जातात. पण त्याची किंमत मैदानात मोजावी लागते. ज्या हातानं आताच मारलं तो हात मूल घट्ट धरत नाही, तो सोडवून घेतं. त्या दिवशीचं तुमच्या मनाला लागलंय, पत्रात दिसतंय. मुलाला जवळ घेऊन एवढंच सांगा की मारायला नको होतं. त्याहून जास्त स्वतःला सोलू नका.

हरवण्याची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण फुग्यामागे धावणारं मूल कधी ना कधी गर्दीत दिसेनासं होतंच. त्याला स्वतःचं, तुमचं आणि वडिलांचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव पाठ करवा. "आई" म्हणून हाक मारली की बाजारातली प्रत्येक बाई वळते, म्हणून तुमचं नाव घेऊन ओरडायला शिकवा. यात अपमान काही नाही. हरवलं की धावत शोधायचं नाही, जवळच्या पालावर बसलेल्या बाईला सांगायचं. विकणारी बाई जागा सोडून जात नाही. दर मंगळवारी एकाच जागी बसणारी बांगड्यांची कासारीण किंवा मिरचीवाली असेल, तिची आणि त्याची आधीच ओळख करून द्या. फोन नंबर चिठ्ठीवर लिहून आतल्या खिशात ठेवा. निघताना मोबाइलवर त्याचा एक फोटो काढा, म्हणजे आज कुठला सदरा घातला होता ते आठवत बसावं लागणार नाही. आणि वेळ न घालवता 112 किंवा मुलांसाठीचा 1098 लावा.

ताई, एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिलीत: "बाजार सोडून मी गावाबाहेर पडत नाही." मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. मंगळवार हा तुमचा आठवड्यातला एकमेव दिवस आहे, जेव्हा चार माणसं भेटतात, माहेरच्या गावची बाई भेटते, स्वतःच्या पसंतीनं काही घेता येतं. तो चार-पाच वर्षं बंद केला तर त्याची भरपाई कुणी करणार नाही. यजमान बाजाराला एकटे निघतात तेव्हा "लेकरं कोण बघणार" असं त्यांना कुणी विचारत नाही. हे भांडण म्हणून काढू नका, पण दोघं शांत असताना नक्की बोला. त्या दिवशी पानठेल्यावर जाण्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. लेकरं ही तुमची जबाबदारी, हे दोघांनीही न बोलता धरून चाललं होतं. ते धरून चालणं बदलायला हवं. मुलालाही याचा फायदा आहे. भाव कसा विचारतात, सुटे कसे मोजतात, अनोळखी माणसाशी कसं बोलतात, हे त्याला बाजाराइतकं कुठं शिकायला मिळणार?

मैदानाचंही काही करता येईल. बाजाराची वसुली ग्रामपंचायतीकडे असते, तेव्हा व्यवस्थाही तिनंच बघायची. ट्रॅक्टर-ट्रॉल्या एका अंगाला, पायी येणाऱ्यांची वाट दुसऱ्या अंगाला, मध्ये एक दोर आणि चुन्याची फक्की. याला मोठा निधी लागत नाही. तुमच्या बचत गटानं आणि त्या गावच्या बायांनी मिळून सह्यांचा अर्ज द्यावा; तिथल्या बायांना ग्रामसभेआधीच्या महिला सभेतही हा विषय मांडता येईल. त्या दिवशी काय होता होता राहिलं, ते अर्जात जसंच्या तसं लिहा.

येत्या मंगळवारी असं करून बघा. मुलगी सासूबाईंपाशी झोपवा. तुम्ही, यजमान आणि मुलगा, तिघंच, सकाळी लवकर. मुलाला घेऊन तुम्ही एसटीनं किंवा काळीपिवळीनं, ते मोटरसायकलनं. किराणा नको, फक्त भाजी आणि मुलाची दहाची नोट. मैदानात मुलाचं मनगट यजमानांच्या हातात, थैली तुमच्या हातात. तासाभरात परत. जमलं तर त्याच्या पुढच्या बाजारी मुलीला न्या आणि मुलाला घरी ठेवा. नाही जमलं तर नेमकं कुठं अडलं ते मला लिहा, त्यावर पुन्हा बोलू.